हुडहुडी थांबली तो आठवडा

सेतेफानो, माझ्या भावा,

डायलिसिसच्या खुर्चीत बसले की मला थंडी भरायची, दात वाजायचे. पेपे आत्या सगळ्या सामोआला सांगत सुटली, "आईच येते हिच्या अंगात. मातीला मुलगा आला नाही, तो राग लेकीवर काढते." म्हणून तर तुला ऑकलंडहून बोलावलं. आईच्या थडग्यापुढे तू माफी मागायच्या आपल्या रीतीप्रमाणे डोक्यावर चटई घेऊन सकाळभर उन्हात बसलास. शेवटी आत्यानेच चटई उचलली आणि तुला माफी मिळाली. त्यानंतर मला थंडी वाजली नाही.

पण काल नर्स यानेता हसत म्हणाली, "अगं, त्याच आठवड्यात मी तुझ्या मशीनचा फिल्टर बदलला! जुन्याचं प्लास्टिक तुझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना परकं वाटायचं. शत्रू समजून त्या उगाच लढायच्या, आणि हुडहुडी तुला."

मग आई रागावली होती की नव्हती? नव्हतीच, तर तू माफी कुणाची मागितलीस? माझं डोकंच चालेना. आत्याला विचारलं तर म्हणते, "फिल्टर बदलायची बुद्धी नर्सला कुणी दिली?"

नवे फिल्टर संपलेत. जहाज येईपर्यंत मला जुनाच लावणार आहेत, शनिवारपासून.

आता तू दर रविवारी फोन करतोस. नाताळला पोरांना घेऊन येतो म्हणतोस. म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. आणि शनिवारी थंडी भरलीच, तर आत्याच्या देखत दात घट्ट आवळून बसेन. आईने तुला माफ केलंय, एवढंच आत्याला दिसलं पाहिजे.

तुझी थोरली,
लोसा