पेशंट सापडत नाही

३ मार्च, सोमवार
शुक्रवारी डेमो झाला की साहेब टीम लीड ठरवणार. म्हणजे मलाच. आमचं सॉफ्टवेअर दातांच्या दवाखान्यांचं. त्याच्या टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे पास झाल्या, की मैदान मोकळं. उद्या जेवणाआधी उरकतो. आज फक्त नव्या व्हिजिटिंग कार्डाचा रंग ठरवला.

४ मार्च, मंगळवार
टेस्ट लाल. मी टेस्टमधून डेटाबेसात पेशंट घालतो, लगेच वेबसाइटला विचारतो. ती म्हणते, पेशंट सापडत नाही. अगं, आत्ता घातला ना! सर्व्हर रीस्टार्ट केला. मशीन रीस्टार्ट केलं. मग थोडं झोपून मीही रीस्टार्ट झालो. लालच.

५ मार्च, बुधवार
शेजारच्या टेस्टरबाई म्हणाल्या, तुम्ही कमिट करत नाही, म्हणजे नोंद पक्की करत नाही. वेबसाइट दुसऱ्या कनेक्शनवरून बघते, कमिट होईपर्यंत तिला काही दिसायचं नाही. मी समजावलं, माझी पद्धत निर्मळ आहे. टेस्ट संपली की रोलबॅक, सगळं आपोआप पुसलं जातं, कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून तर पेशंट म्हणून थेट साहेबांचं नाव घालता येतं. तक्रार: तोंडाला वास, अख्खी बत्तिशी किडकी. बाई हसल्या नाहीत.

जेवताना बायको म्हणाली, चहा हवा हे तुम्ही मनातल्या मनात म्हणता आणि आला नाही की माझ्यावर डाफरता, त्यातलाच प्रकार. हिला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

६ मार्च, गुरुवार
आंघोळ करताना एकदम सुचलं. कमिट करायचं! कुणाचीही मदत न घेता सुचलं. केलं. हिरवं! हिरवंगार! खुर्चीत गरागरा फिरलो. पुन्हा चालवली, पुन्हा हिरवं. दिवसभर चालवतच बसलो, मन भरेना. टेस्टरबाई म्हणाल्या, आता रोलबॅकने काही पुसलं जाणार नाही, शेवटी डिलीट करा. नाक मुरडणारे असायचेच. घरी फोन करून विचारलं, लीडच्या मिसेस आहेत का? तिने फोन ठेवला.

७ मार्च, शुक्रवार, दुपारी
डेमो याच डेटाबेसवर होता. हे मला कुणी बोललं नव्हतं. बोलले असतील तर मेलमध्ये. मोठ्या पडद्यावर पेशंटांची यादी उघडली. साहेब. त्यांच्याखाली साहेब. पुढच्या पानावरही साहेबच. सगळ्यांच्या तोंडाला वास. सॉफ्टवेअर घ्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी साहेबांना हळूच विचारलं, कधीपासून आहे हा त्रास? साहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

संध्याकाळी
लीड टेस्टरबाई झाल्या. जिन्यात जाऊन रडलो. खरंच रडलो. वर आलो तर त्यांनी पहिलं काम दिलं, सगळे साहेब पुसून काढा.

पण निराश व्हायचं कारण नाही. इतकी वर्षं साहेब मला 'अहो, ते हे' म्हणायचे. आज त्यांनी सगळ्यांसमोर माझं पूर्ण नाव विचारून घेतलं.