सोजराबाईची गाठ

४ नोव्हेंबर १९६३, सुलतानपूर

आलो एकदाचा, प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून! पुण्याहून इथवर हाडं खिळखिळी झाली, पण हवा झकास, खोली स्वच्छ आणि जेवणाची ददात नाही. प्रयोगशाळा म्हणजे सरकी साठवायची जुनी कोठी, तिच्यात पांढऱ्या उंदरांचे पिंजरे. मालक डॉ. शेषराव नागपूरचे पदवीधर, म्हणजे आनंदच! कर्करोगाची गाठ वाढू नये, पसरू नये म्हणून लोणारच्या तळ्यातल्या शेवाळाचा अर्क उंदरांना टोचतात. गाठ गावातल्याच सोजराबाईची. बाई गेली, गाठ उंदरांत जिवंत. विलायतेत जमलं नाही ते सुलतानपुरात जमलं म्हणे. वा रे पठ्ठे!

७ नोव्हेंबर

उंदरांचं दाणापाणी बघणारी जनकाबाई ही सोजराबाईची नणंद. पिंजऱ्यांशी बोलताना 'वयनी' म्हणते! सांगत होती, वयनीनं शाळेचं तोंड पाह्यलं नव्हतं, पण मोठी भांडखोर, जिथं बसली तिथून कोणाच्या बापानं उठवली तरी उठायची नाही. काय ही भाषा! मले, तुले, 'का'ला काऊन. कान किटले. तिला 'मला' म्हणायला शिकवतोय. पालथ्या घड्यावर पाणी.

१२ नोव्हेंबर

शेषराव बुलढाण्याला गेले. जाताना बजावलं, अर्काचा एक दिवसही खाडा नको. अर्क गाठीला मारत नाही, फक्त जागची हलू देत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि शेवाळ आता थेट उन्हाळ्यात मिळणार. कुजक्या अंड्यांच्या वासाचा तो काढा मी मोरीत ओतला. पुण्याहून आणलेलं माझं रसायन उंदरांना टोचलं. शास्त्र कशाला म्हणतात ते कळू दे यांना.

१६ नोव्हेंबर

उंदीर मेले. फाडून पाहिले तर फुप्फुसात, यकृतात, मेंदूत, जिथं तिथं गाठी. त्या गडबडीत सुई बोटात घुसली. आयोडीन लावलं. शेषरावांचं काय, उंदीरच भिकार होते म्हणून सांगेन.

२१ नोव्हेंबर

हातात गाठ. काल कोपरापाशी होती, आज काखेत आहे. एकाची गाठ दुसऱ्याला अशी लागत नसते, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी भीती वाटते, खोटं कशाला बोलू. सकाळी मी जनकाबाईला विचारलं म्हणे, चहा काऊन नाही आणला? मी? काऊन? ती कपबशी टाकून पळाली.

२४ नोव्हेंबर

शेषराव परतले. मोरी पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. अर्काचा थेंब उरला नाही. मी पाय धरले त्यांचे, रडलो, म्हणालो मले वाचवा. मला. मला! गळ्याशी आली आहे — वर सरकते —

२५

मी पुण्याचा — मी इथं आलो — आली — नाही, आलो —

२६

काऊन रडतं वो जनके? मी इथंच हाय ना.

मले लिहाले येत नव्हतं, आता येऊन राह्यलं. हात गुणाचा हाय याचा. लय बोलत होता मास्तर, आता बसला गप. डोक्यात जागा कमी हाय, सारं त्याचं पुणंच भरलं हाय. तेवढं बाहीर काढलं का मंग मी —