पंधरा नोव्हेंबरपर्यंत फर्नेस बंद

२ ऑक्टोबर, सकाळी ७
घरात पंधरा अंश. उत्तम. यंदाही पंधरा नोव्हेंबरच्या आत घर तापवायची फर्नेस लावायची नाही, असा निश्चय केला आणि इर्याला सांगितला. लग्नाला चाळीस वर्षं झाली, तिनं विरोध केला नाही. नुसती उठून दुसरा स्वेटर घालून आली.
शेजारच्या वासिलशी माझी एकोणीस वर्षांची शर्यत आहे. ज्याच्या धुराड्यातून आधी वाफ निघेल तो हरला. तो सात वेळा हरला, मी बारा. त्यातल्या निदान आठ वेळा इर्यानं माझ्या नकळत फर्नेस लावली होती. त्या मी धरत नाही.
पेपर मिलमध्ये एकतीस वर्षं बॉयलर सांभाळले. उष्णता म्हणजे काय ते कॅनडातल्या या थंडर बेमध्ये मला कोणी शिकवू नये.

९ ऑक्टोबर
इर्यानं एकवीस मागितले. मी शांतपणे समजावलं. आपण फिनिश माणसं. ऊब सौनात, घरात लोकर. बुधवार-शनिवार अंगणातली सौनाची खोली लाकडं घालून पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापवतो, ती काय उगीच? चाळीस मिनिटं बोललो. ती म्हणाली, मग उरलेले पाच दिवस मी टॉवेल गुंडाळून तिथंच बसू का?
विनोदबुद्धी शाबूत आहे. म्हणजे थंडी फारशी वाजत नसावी.

१४ ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंग
मेर्वी तिच्या दोन पोरांना घेऊन जेवायला आली. टर्की झकास. लोणी मात्र ब्रेडला लागेना. मेर्वी म्हणाली, बाबा, फ्रीज बंद करून टाका, वीज तरी वाचेल. मुलगी माझ्यावर गेली आहे.
गोड न खाताच निघाले. पोरांची उद्या शाळा.

१९ ऑक्टोबर
इर्याच्या बोटांची टोकं पांढरी पडतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उबेत राहा. बाई फार तरुण आहेत. मी लोकरीचे हातमोजे आणून दिले, भारीतले, काम करता यावं म्हणून बोटांची टोकं उघडी राहतील असे. इर्या बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली. आवडलेले दिसतात.
हल्ली मी दुपारी डुलकी काढतो तेव्हा ती लायब्ररीत जाते. रोज. या वयात वाचनाचं वेड लागलं, चांगलंच आहे. पुस्तक मात्र एकही घरी आणत नाही.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळ
इर्याला स्वेटरची बटणं लावता येईनात. मी लावून दिली. हात बर्फासारखे. वाटलं, पुरे झालं आता. थर्मोस्टॅटपर्यंत गेलोही. तिथून खिडकीतून वासिलचं धुराडं दिसतं. वाफेचा पत्ता नाही.
तीनच आठवडे राहिलेत. आता माघार घेतली तर आधीचे सगळे दिवस फुकट गेले. इर्यालाही ते आवडणार नाही.

३० ऑक्टोबर
इर्या मेर्वीकडे गेली. वेस्टफोर्टला, गाडीनं दहा मिनिटं. चार दिवस राहीन म्हणाली. उशी नेली. शिवणाचं मशीन नेलं. कुंड्या नेल्या, सातच्या सात. मेर्वीकडे ऊन चांगलं येतं.
जाताना म्हणाली, रेइनो, तुझ्या मिलला वाफ होती, सौनाला लाकडं आहेत, मलाच तेवढे हातमोजे. माझ्याकडे उत्तर होतं, पण मेर्वीनं गाडी काढली.

३ नोव्हेंबर
घरात अकरा. बाहेर बर्फ. तक्रार करायला कोणी नसल्यामुळे काम कसं पद्धतशीर चाललं आहे. वासिल त्याच्या स्वयंपाकघरात अर्ध्या बाह्यांच्या शर्टात दिसला. काटक माणूस. मीही अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून खिडकीत उभा राहिलो. नऊ मिनिटं. त्यानं हात हलवला.
नंतर गरम पाण्यात पाय घालून बसलो. हे शर्यतीच्या नियमात बसतं.

८ नोव्हेंबर
चार दिवसांचे नऊ झाले. फोन केला. मेर्वी म्हणाली, आई पोरांशी पत्ते खेळतेय, मग करेल. मागून इर्याचं हसणं ऐकू आलं. असं ती घरात शेवटची कधी हसली होती, आठवेना. मेर्वीनं ठेवून दिल्यावरही थोडा वेळ फोन कानालाच होता.
फोन आला नाही. पोरं सोडत नसणार.

१५ नोव्हेंबर, दुपारी ३
जिंकलो, निदान बरोबरी, असं म्हणून हस्तांदोलन करायला वासिलकडे गेलो. त्यानं दार उघडलं आणि ऊब अंगावर आली. भिंतीवर बघितलं. बावीस.
विचारलं, हे कसं? धुराड्यातून तर काहीच येत नाही. तो म्हणाला, अरे, जुलैत हीट पंप बसवला, तुम्ही तळ्यावर कॅम्पला होतात तेव्हा. विजेवर घर तापवतो, धूर नाही की वाफ नाही, पेटी मागच्या अंगाला आहे. धुराडं आता कावळ्यांना बसायला. मग मला म्हणाला, पण इर्याला सगळं माहीत होतं की. बोलली नाही तुला?
त्याची बायको ओलेना म्हणाली, अख्खा ऑक्टोबर रोज दुपारी इथंच तर यायची. या खुर्चीत, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. मी विचारलं होतं, रेइनोला सांगू का? तर म्हणाली, नको. तो आपणहून लावतो का, ते मला बघायचंय.
मला बस म्हणाले. मला बसवेना.

१५ नोव्हेंबर, ४
फर्नेस लावली. धूळ जळल्याचा वास आला. एकवीस. मग बावीस. मेर्वीला फोन करून सांगितलं, आईला सांग, लावली. ती म्हणाली, सांगते, बाबा.

२४ नोव्हेंबर, रविवार
इर्या आली. आधी फोन करून, पाहुण्यासारखी. सकाळपासून तेवीस ठेवले होते. वेलदोड्याची गोड पावरोटी आणून ठेवली होती. कोट घ्यायला हात पुढे केला. म्हणाली, राहू दे, मेर्वी गाडीत थांबलीय.
कोट घालूनच बसली. कपाळावर घाम आला तरी काढला नाही. मी म्हणालो, तू एकवीस मागितलेस, मी तेवीस केलेत, कायमचे. ती म्हणाली, ठेव, खरंच ठेव, थंडीत तुझे गुडघे धरतात. मी म्हणालो, आणि तू? ती म्हणाली, तिथं मला मागावं लागत नाही, रेइनो.
रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. गरम होता.
हिवाळी बूट आणि तिच्या आईचा फोटो घेऊन गेली.

त्याच दिवशी, ५ वाजता
बूट बर्फात लागतात, फोटो पोरांना दाखवायचा असेल, वसंतात येईल, असं इथं लिहिलं होतं. ते खोडलं.
इर्या परत येणार नाही. हे शाईनं लिहून ठेवतो आहे, म्हणजे उद्या सकाळी मला दुसरं काही लिहिता येणार नाही.