कंपनीनं माझं नाव फोडलं

१४ जानेवारी २००७
नवीन वही. संकल्प: रोज लिहायचं. ब्लॉग साऱ्या जगाला, वही फक्त आपल्याला.
ब्लॉगवर माझं नाव ‘खुसपट’. पुण्याच्या दोन पोरांनी मराठी ब्लॉगची साइट काढली हाये, पाटीपेन्सिल. तिथं काहीबी नाव टाका, कुणी इचारत न्हाई. राजुरात मामाच्या फोटो स्टुडिओत बसतो, मामाच्याच कंप्युटरवर राजूरची खेचतो, अन् राजूरला बिलकुल पत्ता न्हाई. दहावीत दोनदा नापास झालो म्हणून मामानं ठेवून घेतलं. मामाला वाटतं उपकार केले. फायदा त्याचाच झाला.

२० जानेवारी
आजचा लेख झकास. मामाचा कोट. लग्न जमवायच्या फोटोसाठी स्टुडिओत एकच काळा कोट हाये. बारका नवरदेव आला की मामा पाठीमागून कपडे वाळवायच्या चिमट्या लावून आवळतो. जाडा आला की पाठीची शिवण उसवलेलीच हाये. फोटोत पाठ कुठं दिसती? सगळा तालुका एकाच कोटात पोरी बघून राह्यला.
मामाचं नाव टाकलं न्हाई. नुसतं ‘देवळासमोरचा स्टुडिओ’. एवढी माणुसकी पाळली.

२५ जानेवारी
वसंताच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी लेखाची प्रिंट चिटकवली. (मीच.) लोक चहा सांडून हसून राह्यले. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो, म्हंजे संशय नको.

२९ जानेवारी
जाफराबादचे कडूबा पाटील मामावर तुटून पडले. म्हणले, पोरीकडच्यांनी ती प्रिंट वाचून तीन स्थळांचे फोटो शेजारी शेजारी मांडले अन् सांगितलं, कोट कुणाचा ते आधी ठरवा, पोरगी मंग देऊ. पाटलांच्या पोराची सोयरीक मोडली. मामाला घाम. मामी म्हणली, लिहिणाऱ्याच्या तोंडात किडे पडोत. मला हसू आलं, ते खोकल्यात घातलं. मामीनं आल्याचा चहा दिला.
ते गेल्यावर मामा म्हणला, भुजंगा, कंप्युटरचं तुला कळतं. कोण हाये हा, सांग मला.
म्हणलं, हुडकतो. आता चोर बी मी, फौजदार बी मी. डोकं लागतं याला.

२ फेब्रुवारी
तपास जोरात. मामानं पुन्हा इचारलं. वसंताचं नाव सांगितलं. मामा माझ्याकडं बघत राह्यला, मंग म्हणला, वसंता अंगठा लावतो. म्हणलं, हां, मंग तपास चालू ठेवतो.

९ फेब्रुवारी
मोठी बातमी! अमेरिकेतल्या एका लई मोठ्या कंपनीनं पाटीपेन्सिल विकत घेतली. पेपरात आलंय, मोठमोठ्या कंपन्या ब्लॉगच्या धंद्यात उतरून राह्यल्या. आता इचार केला. एवढ्या दूरची कंपनी उगं येती काय? साइटवर हाये कोण? एक गुरुजी रोज कविता टाकतो. एक बाई चटण्या टाकती. राह्यलं कोण? खुसपट. म्हंजे कंपनीनं घेतलं मला, साइट वर फुकट आली.

११ फेब्रुवारी
मेल आली. तुम्ही आता आमच्या परिवारात, असं लिहिलंय. कुणाला सांगता येत न्हाई. दिवसभर आत-बाहेर येरझाऱ्या, मामीला वाटलं पोट बिघडलं. मामीनं ओवा चारला.

१५ फेब्रुवारी
कंपनीचा फॉर्म भरला. भरला तरच जुना ब्लॉग नव्या जागी जाणार. नाव इचारलं. ‘खुसपट’ टाकणार व्हतो, पण हात थांबला. उद्या नोकरीची ऑर्डर कुणाच्या नावानं निघल? बापाचं रेशन कार्डावर एक नाव अन् सातबाऱ्यावर एक, तर तहसीलच्या चकरा मारून चपला झिजल्या. म्हणून शाळेच्या दाखल्यावर हाये तसं बराबर टाकलं: भुजंग सर्जेराव गाडेकर, मु. पो. धावडा, ता. भोकरदन, जि. जालना. सगळं एकाच रकान्यात बसवलं. दोन साक्षीदार मात्र मागितले न्हाईत. एवढी मोठी कंपनी, काम कच्चं.

१८ फेब्रुवारी
लाइट न्हाई, नेट न्हाई. संकल्प: अमेरिकेला गेलो तरी मामाला विसरायचं न्हाई. चांगला कोट धाडायचा.

२० फेब्रुवारी
धोका! दगा!
टपरीवर नवी प्रिंट. ही मी चिटकवली न्हाई. कोटाच्या लेखाखाली ‘खुसपट’ गायब. तिथं मी. बापासकट, गावासकट, जिल्ह्यासकट. जुने लेख उघडून बघितले, सगळ्यांखाली तेच. वसंता म्हणला, पत्ता टाकला ते बरं केलं भौ, मारणाऱ्याला चकरा न्हाईत.
पुण्याच्या पोरांना फोन लावला. बंद. विकून मोकळे झाले. कंपनीला मेल केली. जल्दी उत्तर आलं, पण मशीनचं. तुमचं मत मोलाचं हाये, नाव महिनाभर बदलत न्हाई. परिवार म्हणे!
मामाला तोंड दाखवलं न्हाई.

२१ फेब्रुवारी
कडूबा पाटील जीप भरून माणसं घेऊन आल्ते. मी फोटोच्या काश्मीरच्या पडद्यामागं. मामा दारात उभा. म्हणला, पोरगं गेलं गावाकडं. पाटील, कोट माझा, चूक माझी, पोराचे फोटो पुन्हा काढून देतो. पाटलांनी मामाची कॉलर धरली. मामानं हात वर केला न्हाई. लोकं बघून राह्यले.
ते गेल्यावर मामानं पडदा बाजूला केला. मामीनं भाकरी बांधून दिली अन् धावड्याच्या जीपपर्यंत सोडलं.
बाहेर जाऊन दोन ठेवून द्यायला पाह्यजे व्हत्या पाटलांना. पण मी पडलो तर मामाला किती वाईट वाटलं असतं. म्हणून थांबलो.
संकल्प: कंपनीवर केस.

६ मार्च
धावडा. बाप कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला लावतो. हाताला फोड. या फोडांचा खर्चा बी कंपनीकडून वसूल करायचा.

११ मार्च
भोकरदनच्या कॅफेत गेल्तो. कंपनीची मेल: अभिनंदन, तुमचे वाचक वाढले.
कोटाच्या लेखाखाली नवी कॉमेंट. मामाची. मामाला टायपिंग मीच शिकवलं. एका बोटानं एक एक अक्षर हुडकतो. एवढं लिहायला त्याची दुपार गेली असंल.
लिहिलंय, चिमट्यांचं घरच्या माणसाबिगर कुणाला ठाऊक व्हतं? मला पह्यल्या दिवशीच कळालं. नाव नव्हतं तवर तुला झाकलं. मी दोनदा इचारलं, तू वसंताला पुढं केलं. कंपनीनं एकदा इचारलं, तर तिला गावासकट खरं सांगितलं.
उत्तर लिहायला बसलो. लिहिलं, मामा, कंपनीनं फसवलं. पुसलं. लिहिलं, मामा, मी गंमत केल्ती. ते बी पुसलं. मंग नुसतं ‘मामा’ एवढंच राह्यलं. कॅफेवाला म्हणला, टाइम झाला, उठ.