घडीच्या खुर्च्या आणि आगाऊ तिकिटं

सिनसिनाटी
१३ फेब्रुवारी

प्रिय लोर्ना,

तुझ्या फोनवर आपल्या बेसबॉल क्लबकडून एक ईमेल आली असेल. 'तुम्हाला दोन तिकिटं पाठवण्यात आली आहेत' असं त्यात लिहिलंय. फसवाफसवीचा प्रकार समजून ती पुसून टाकू नकोस. तिकिटं मीच पाठवलीत, मार्चअखेरीच्या, हंगामाच्या पहिल्या सामन्याची. खाली 'स्वीकारा' असं बटण आहे. ते या महिन्यात दाबलं नाहीस तर तिकिटं आपोआप माझ्याकडे परत येतील, आणि ती परत आलेली मला बघायची नाहीत, एवढं आधीच सांगून टाकतो. फोनवरच सांगणार होतो. पण तुझी आई म्हणाली, "फोन नको, पत्र लिही. तुम्ही बापलेक पाच मिनिटं थंडीवाऱ्याचं बोलता आणि मग फोन माझ्या हातात देता." खोटं नाही ते.

आता ही तिकिटं कशी मिळाली ते ऐक. गेल्या महिन्यात क्लबने आम्हा जुन्या चाहत्यांना एक कोड पाठवला. सगळ्या गावाला विक्री शुक्रवारी, पण कोडवाल्यांना गुरुवारी सकाळी दहापासून. आगाऊ विक्री म्हणतात तिला. व्हर्जिलला तू ओळखतेस, पाणीखात्यात माझ्याबरोबर पाइप जोडायचा तो. नेहमीच्या दुकानात चिली खायला बसलो होतो, तिथे तो माझी टर उडवायला लागला. "अरे येड्या, गळाला लावलेलं गांडूळ आहे ते. दहा हजार जणांना 'फक्त तुमच्यासाठी' म्हणून पाठवतात." मी म्हटलं, "पाठवू देत. लग्नाच्या पत्रिकाही दोनशे छापतात, म्हणून तू जेवायला जायचं सोडतोस का?"

धंदा आहे हे मलाही कळतं, पोरी. पण मला ही पद्धत मनापासून आवडते. पस्तीस वर्षं मी लोकांच्या तळघरातले नळ दुरुस्त केले, आणि एवढ्या वर्षांत मला कुणी, 'तुम्ही आधी या, बाकीचे उद्या येतील' असं म्हटलं नाही. पूर्वी चांगल्या खुर्च्या कुणाला मिळायच्या? ज्याचा मेव्हणा क्लबात, ज्याचा साहेब बँकेत, त्याला. आम्ही थंडीत उभे राहायचो आणि खिडकी उघडायच्या आधीच निम्मं मैदान विकलेलं असायचं. या कोडाला ओळखपाळख कळत नाही. मी किती वर्षं येतोय, हरलेल्या हंगामातही आलो की नाही, एवढंच तो बघतो. कुणीतरी आपलं येणं मोजून ठेवलंय हे कळलं की माणसाला बरं वाटतं.

तर गुरुवारी मी घडीची खुर्ची, थर्मास आणि गोएटाच्या, त्या ओट-मांसाच्या तळलेल्या वड्यांचे दोन सँडविच घेऊन आठ वाजता मैदानाच्या तिकीटखिडकीवर हजर. बघतो तर तिथे आधीच तीन खुर्च्या मांडलेल्या. दुसरीत नॉर्ब, तिसरीत हर्शल, दोघेही माझ्यासारखेच जुने चाहते, आणि पहिल्या खुर्चीत कोण, तर व्हर्जिल. मी म्हटलं, "काय रे, गांडूळ गोड लागलं का?" त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

साडेनऊला खिडकीवर काम करणारी जनेल नावाची मुलगी आतून बाहेर आली. "काका, तुम्ही सगळे इथे काय करताय?"

"रांगेत आहोत," नॉर्ब म्हणाला.

"अहो, ही विक्री फोनवर आहे. रांगसुद्धा फोनमध्येच लागते."

व्हर्जिल म्हणाला, "मग काय बिघडलं? फोन रांगेत आणलेत की आम्ही."

हसून आत गेली असती तर आम्ही काय करणार होतो? पण ती थांबली. एकेकाच्या फोनवर तिने ते पान उघडून दिलं, कोड टाकून दिला, गारठलेल्या बोटांना फोन दाद देईना तेव्हा स्वतःचे हातमोजे व्हर्जिलला दिले. दहा वाजले. चौघांनी एकदम बटण दाबायचं एवढंच काम. पण व्हर्जिल पहिला आला होता, म्हणून आधी व्हर्जिल. तो पहिल्या बेसच्या बाजूची, ऊन न येणारी, जिन्याजवळची खुर्ची शोधत अकरा मिनिटं बसला आणि आम्ही तिघं फोन मांडीवर ठेवून थांबलो. जनेलने कपाळाला हात लावला. "तिथे तुमच्यासाठी कुणी थांबलेलं नाहीये हो. दाबा ना सगळे."

नॉर्ब म्हणाला, "असं कसं, मुली? तो माझ्या आधी आलाय."

माझी पाळी येईपर्यंत खालचं सगळं विकून गेलं होतं. अगदी वरच्या मजल्यावर, डाव्या अंगाला दोन खुर्च्या शेजारी शेजारी मिळाल्या. तुझी आई म्हणते, चौघंही बावळट. असू. पण रांगेत दुसऱ्याची जागा ओलांडायला माझा हात होत नाही. एकदा झाला होता. तोही तुझ्या बाबतीत.

त्र्याऐंशी सालचा जानेवारी तुला आठवतोय, हे मला माहीत आहे. अकरा वर्षांची होतीस. मोज्यांवर पावाच्या पिशव्या चढवून, वर बूट घालून माझ्याबरोबर तिकिटांच्या रांगेत सहा तास उभी राहिलीस. मी कॉफी आणायला गेलो तेव्हा एक आडदांड गडी पुढे घुसायला लागला, तर तू त्याला म्हणालीस, "माझे बाबा आत्ता येतायत. ही जागा आमची आहे." मागच्या लोकांनी मला नंतर कौतुकाने सांगितलं. दोन तिकिटं मिळाली. तू शाळेसाठी सुट्टीची चिठ्ठी लिहून घेतलीस, लाल सदरा स्वतः इस्त्री केलास. आणि हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या चार दिवस आधी मी तुला सांगितलं, की आमचे मुकादम डॉर्श तुझं तिकीट मागतायत, साहेबाला नाही म्हणता येत नाही, आपण पुढच्या वर्षी जाऊ. तू फक्त "बरं" म्हणालीस. त्या उन्हाळ्यात मला बढती मिळाली. पुढच्या वर्षी तुझी परीक्षा होती, त्याच्या पुढच्या वर्षी पोट दुखत होतं. मग मी विचारणं सोडलं. आता तू राहतेस ते डेटन एका तासाच्या रस्त्यावर आहे, पण आपल्याला हवेपलीकडे बोलायला काही सापडत नाही.

हे पत्र ज्यासाठी लिहायला बसलो ते आता लिहितो. डॉर्शने तिकीट मागितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तो नुसता म्हणाला, की पहिला सामना आपण कधी पाहिला नाही. मीच म्हणालो, "मग माझ्याबरोबर चला." तो म्हणालासुद्धा, "तुझी मुलगी येणार होती ना?" मी म्हणालो, तिला तेवढं वेड नाही. एवढी वर्षं मी ते त्याच्या माथी मारत आलो, तुझ्या आईपाशीसुद्धा. काल तिला सांगितलं, आज तुला सांगतो. दोन्ही तिकिटं तुझ्या नावावर केली आहेत. शेजारी कुणाला बसवायचं ते तू ठरव. नवऱ्याला, गॅरेटला ने, मैत्रिणीला ने, रिकामी ठेवलीस तरी चालेल. मला बोलावलं नाहीस तर मी घरी रेडिओवर ऐकेन. तूही दर वर्षी पहिला सामना गाडीत बसून, काचा वर करून, रेडिओवर ऐकतेस, हे गेल्या महिन्यात गॅरेटने बोलता बोलता सांगितलं. त्याला रागावू नकोस. ते कळलं म्हणून तर मी खुर्ची घेऊन निघालो.

तुझाच,
बाबा