हाताला सगळं सपाट लागतं

उस्ताद, मी पिंप्राळ्याच्या रस्त्याला स्वतःचं डेंटिंगचं गॅरेज टाकलं. पन्नाशीला टेकल्यावर. तुम्ही असता तर आधी हसला असता, मग शेडमध्ये येऊन उजेड कुठून येतो ते विचारलं असतं. उजेड पूर्वेकडून येतो. कॉम्प्रेसर घेतला, स्प्रे गन घेतली, वेल्डिंगचं मशीन, चेपलेला सांगाडा ओढायचा जॅक. हातोडे तुमच्या पद्धतीचे, दांडे मी स्वतः बसवले. पत्र्यामागे धरायची लोखंडी डॉली मात्र विकत घेतली नाही. धुळ्याहून निघताना तुम्ही दिलेलीच वापरतो, तिच्या कडा अजून शाबूत आहेत. म्हणजे दुकानाला जे लागतं ते सगळं आहे.

तुमच्या गॅरेजातली एक दुपार आठवते. हायवेवर घासलेल्या जीपचं दार मी ठोकून सरळ केलंय, मला ते अगदी सपाट वाटतंय. तुम्ही माझ्या तळहाताखाली जुन्या बनियनचं फडकं देता आणि म्हणता, “डोया मीच. आते हात फिराव. काय लागस?” मी डोळे मिटून हात फिरवतो आणि म्हणतो, काही नाही. तुम्ही माझं मनगट धरून हात पुन्हा त्याच जागेवरून नेता, हळू, आणि कडेपासून वीतभर आत पत्रा किंचित बुडतो. डोळ्यांना दिसलं नव्हतं ते हाताला कळतं. “डोया खोटं बोलतस,” तुम्ही म्हणता, “हात बोलत नही.” एकदा घाईत मी खड्डा तसाच ठेवून वर जाड पुट्टी भरली, तर ती सगळी खरवडायला लावलीत. “खड्डावर गोधडी टाकी दिधी. आते तठे कोनले झोपाडशी?” सगळे हसले. मीही हसलो, पण खरवडताना रडू येत होतं.

निघायच्या दिवशी मी विचारलं, उस्ताद, स्वतःचं दुकान टाकायला काय काय लागतं? तुम्ही चहा पीत होता. म्हणालात, “कंप्रेसर उधार भेटी जाई. वेल्डिंग भाडाले भेटी जाई. हात कोठे भेटत नही, तो सांभाय.” मी तो सांभाळला असं मला वाटत होतं.

जळगावला ज्या मोठ्या वर्कशॉपात मी इतकी वर्षं काढली तिथे पत्रा ठोकत नाहीत. दार चेपलं की दार बदलायचं. बोल्ट सोडायचे, बोल्ट कसायचे. पगार वेळेवर होता, माणसं चांगली होती. पण हाताला काही विचारायची वेळच आली नाही, आणि तो आतल्या आत गेला ते मला समजलं नाही. समजलं ते देवापुढे. पहाटे जपाला बसलो होतो. माळेचा मोठा मेरुमणी आला की माळ उलटी फिरवायची, तो ओलांडायचा नाही, हे लहानपणापासून बोटांनाच ठाऊक. त्या दिवशी डोळे उघडले तर मेरुमणी केव्हाच मागे पडला होता. बोटांखालून गेला आणि बोटांनी सांगितलं नाही. तोवर नोकरी सोडून झाली होती, शेड उभी राहिली होती. डॉक्टर म्हणाले, साखरेनं नसा गेल्यात. औषधानं पुढचं कदाचित थांबेल, गेलेलं परत येईल असं समजू नका. मी देवाकडे काही मागितलं नाही. काय मागावं तेच सुचलं नाही.

तरी काम घेतलं. सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याची गाडी आली, एका बाजूनं चेपलेली. दार ठोकून झाल्यावर डोळे मिटून हात फिरवला. सगळं सपाट लागलं. माझ्या हाताला आता काहीही सपाटच लागतं. बायको डबा घेऊन आली होती. गाडीला टेकली, सहज तिचा हात फिरला आणि म्हणाली, “अहो, इथं खोल लागून रायलं.”

“तुला काय कळतं पत्र्यातलं? भाकरी आहे का ती?”

“भाकरी असती तर फुगली असती,” ती म्हणाली.

मी रंग मारला. व्यापारी न्यायला आले, गाडी उन्हात काढली, आणि दारावर समोरच्या विजेच्या खांबाचं प्रतिबिंब पडलं. ती म्हणाली होती तिथेच खांब वाकला होता. भला माणूस. “चालतं हो मिस्तरी, गाडी काय पाहायला घेतली का,” म्हणाले. पुन्हा आले नाहीत, कुणाला पाठवलंही नाही.

डॉक्टर नसांचं बोलले ते मी बायकोला सांगितलेलं नाही. पण तेव्हापासून ती डबा ठेवून लगेच जात नाही. रंगाआधीच्या गाडीभोवती एक फेरी मारते, तळहात पत्र्यावरून ओढत, लेकीच्या सासरचं, भाजीच्या भावाचं काहीबाही बोलत. मध्येच एखाद्या जागी हात थांबतो, बोलणं थांबत नाही. ती गेल्यावर मी तिथे खडूनं खूण करतो आणि ठोकतो. यावर आम्ही एक शब्द बोललेलो नाही. सुरुवातीला तिचा हात कुठेतरी एकदा थांबायचा. आता फेरी लवकर संपत नाही. परवा एक जण शेड भाड्यानं मिळेल का विचारून गेला, आणि मी त्याला नाही म्हणालो नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, पाठवायला ठिकाणही नाही. उस्ताद, एवढंच सांगतो, दुपार जवळ आली की मी हातोडा खाली ठेवून रस्त्याकडे बघत बसतो. ती आल्यावर विचारते, “भूक लागली होती का?”

मी हो म्हणतो.