धूर हवा असतो

बाबा,

दौलतगंजचं आपलं फोटोचं दुकान अजून आहे, पण तुमच्या त्या कोरीव खुर्चीवर आता मी कॅमेऱ्याच्या बॅगा ठेवतो. खेड्यातली माणसं बाजार करायला शहरात, लश्कर भागात आली की तुमच्याकडे यायची. तुम्ही त्यांना आधी तोंड धुवायला लावायचात, स्वतःचा कंगवा द्यायचात, मग बसवायचात. मला त्या ताठ फोटोंचं हसू यायचं. कॉलेजात असताना टोपी बाजारातल्या, पोत्याखाली वाकलेल्या एका हमालाचा फोटो काढून मी मोठ्या ऐटीत तुम्हांला दाखवला. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "चांगला आहे. पण त्याला आधी ओझं तर उतरवू द्यायचंस." पुढे कितीतरी दिवस मी तुमच्याशी धड बोललो नाही.

आता माझं पोट त्याच ओझ्यावर चालतं. दिल्लीचे हौशी फोटोग्राफर येतात, त्यांना मी मोरारच्या पुढच्या एका गावात नेतो. त्यांना 'असली गाँव' हवं असतं. तिथे एक म्हातारी आहे, सगळ्यांची लाडकी. तिच्या दारात नळ आला, घरात गॅस आला. तरी मी तिला डोक्यावर घडे देऊन विहिरीवर पाठवतो, विझून गेलेली चूल पेटवायला लावतो. धूर हवा असतो. जिनं उभा जन्म खरंच राबून काढला, तिच्याकडून मी राबण्याची नक्कल करून घेतो. लाज वाटते. सोडीन म्हणतो, आणि दुकानाचं भाडं, मुलीची फी आठवली की पुन्हा गाडी सांगतो. पैसे तिलाही हवे असतात. दोघंही चांगलेच अडकलोय.

परवा ती नवी साडी नेसून, अंगणात खुर्ची मांडून तयार. "भैया, एक फोटू हमाई बैठी भई खेंच दो. बस, हमाए लाने." बसलेला एक फोटो, फक्त तिच्या स्वतःसाठी. मी कॅमेरा उचलला. ती बसली, उठली, पुन्हा बसली. हात मांडीवर ठेवले, उचलले, पदराखाली घेतले. "हाथ काँ धरें, भैया?" तुम्ही अशा वेळी काय सांगायचात, बाबा? त्या दुकानातच लहानाचा मोठा झालो, पण कधी कान देऊन ऐकलंच नाही. तेवढ्यात मागून दिल्लीच्या मंडळींतलं कोणीतरी ओरडलं, "सर, लाइट जा रही है!" आणि मी म्हणालो, "अम्मा, पहले चूल्हा फूँक लो." ती साडी बदलायला आत गेली.

तो फोटो राहिलाच. हा कागद कुठे धाडायचा नाहीच, पण लिहून जरा मोकळं वाटेल असं वाटलं होतं, तेही नाही. उद्या नवी मंडळी येताहेत. ती विसरली असावी, एवढीच आशा मनात धरून बसलोय.